पन्नाशीनंतर चेन्नईत नोकरी शोधताना

९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी चेन्नईजवळचा मरैमलै नगरचा कारखाना बंद पडला. तिथे सुमारे २,६०० कामगार होते. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये श्रीपेरुम्बुदूरचा नोकियाचा कारखाना थांबला होता. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातले सुमारे १२,००० कर्मचारी कमी करण्याचं ठरवलं आणि याची झळ मुख्यतः मधल्या व वरच्या फळीला बसेल, हेही कंपनीनेच सांगितलं. कारखान्यांच्या आणि आयटीच्या या शहरात पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या माणसाची नोकरी जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. अवघड असतं ते त्यानंतरचं. पंचविशीत ज्या रीतीने नोकरी मिळाली त्याच रीतीने पन्नाशीत शोधायला गेलं, तर महिनोन्महिने साधं उत्तरही येत नाही.

हा लेख चेन्नईतल्या मराठी वाचकांसाठी आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच असलेले तंजावरी मराठी, सांगलीकडून येऊन साहुकारपेठेत सोनं गाळणारी घरं आणि पुण्या-मुंबईहून बदलीवर येऊन इथेच रमलेले इंजिनिअर, अकाउंटंट, बँकवाले हे सगळे त्यात आले. सांगायची मुख्य गोष्ट एकच आहे. वयाची चाळणी लावणाऱ्या दारांपुढे रांग लावण्यात वेळ कमी घालवा आणि ज्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलं आहे त्यांच्याकडे आधी जा.

अडतं कुठे?

खासगी नोकरीत वयावरून डावलण्याला सरसकट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीच्या पुढच्या उमेदवारांना असं संरक्षण आहे. आपल्याकडे मात्र जाहिरातीत ‘कमाल वय ३५’ असं उघड छापता येतं. तमिळनाडू सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय २०२० मध्ये ५८ वरून ५९ आणि २०२१ मध्ये ६० केलं. म्हणजे सरकारी कचेरीत साठीपर्यंत चालणारा माणूस खासगी कंपनीच्या फाटकावर पंचेचाळिसाव्या वर्षीच जुना ठरतो.

हे फाटक बहुतेक वेळा एचआरच्या हातात असतं. नोकरीच्या संकेतस्थळावर अनुभवाची वर्षं आणि पगाराचा आकडा टाकून यादी गाळली जाते. बावीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस त्या यादीत दिसतच नाही. दिसलाच तर त्याच्याबद्दल चार शंका आधीच तयार असतात. पगार जास्त मागेल. वयाने लहान साहेबाचं ऐकणार नाही. नवं सॉफ्टवेअर शिकणार नाही. आणि बरं काही मिळालं की निघून जाईल. या शंका कोणी तोंडावर बोलून दाखवत नाही. म्हणून त्यांची उत्तरं तुम्हीच, कोणी विचारण्याआधी, द्यायची असतात. ती कशी, ते पुढे पाहू.

पहिला महिना : पैसे आणि कागद

नव्या नोकरीच्या मागे लागण्यापूर्वी जुन्या नोकरीचा हिशेब पुरा करा. राजीनाम्याचा कागद पुढे केला गेला तर त्याच टेबलावर सही करू नका. एक-दोन दिवस मागा आणि कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. स्वतःहून राजीनामा दिला की कपातीची भरपाई मागण्याचा आधार बहुधा हातून जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कपात झालेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई आहे. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचं वेतन ४५ दिवसांत खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. मात्र कायद्याच्या व्याख्येत व्यवस्थापक बसत नाही आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगाराचा सुपरवायझरही बसत नाही. तुमच्या हुद्द्याचं नाव काहीही असो, प्रत्यक्षात काम कोणतं करत होता हे वकिलाला नीट सांगा.

ग्रॅच्युइटीचं गणित घरी करता येतं. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांची बेरीज गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ६०,००० रुपये आणि २० वर्षं धरली तर सुमारे ६ लाख ९२ हजार होतात. ही रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी. नव्या संहितांत वेतनाची व्याख्या बदलली आहे आणि भत्त्यांचा वाटा निम्म्याहून जास्त असेल तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे कंपनीने कोणता आकडा धरला आहे, ते विचारून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर कामगार आयुक्तांचं कार्यालय तेनांपेटला डीएमएसच्या आवारात आहे.

पीएफबाबत घाई नको. पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होतं. पन्नाशीनंतर आधी घेता येतं, पण आधीच्या दर वर्षामागे ४ टक्के कायमचे कमी होतात. सेवा आठ-नऊ वर्षांची असेल तर पेन्शनचा भाग काढून टाकण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या. पुढच्या नोकरीची वर्षं त्याला जोडली जातात. पीएफचा यूएएन क्रमांक तोच चालू ठेवा. नावातली किंवा जन्मतारखेतली चूक आत्ताच दुरुस्त करून घ्या. पीएफ कार्यालयं दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ हे शिबिर घेतात, तिथे अशी कामं मार्गी लावता येतात.

आरोग्य विम्याकडे बहुतेकांचं लक्ष उशिरा जातं. कंपनीचा सामूहिक विमा शेवटच्या दिवशी संपतो. तो संपण्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विचारणा लेखी करा. म्हणजे जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ नव्याने मोजायची वेळ टळू शकते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

शेवटचं पैशाचं : हातात आलेली एकरकमी रक्कम पहिले सहा महिने फ्रँचायझीत, मेहुण्याच्या धंद्यात किंवा दुकानाच्या पागडीत घालू नका. घरखर्चाचे बारा महिने बाजूला काढा. तेवढी सोय असली की पहिल्याच कमी पगाराच्या ऑफरपुढे मान तुकवावी लागत नाही.

कुठे शोधायचं?

चेन्नईचा नकाशा इथे तुमच्या बाजूचा आहे. इरुंगाट्टुकोट्टै, ओरगडम आणि श्रीपेरुम्बुदूरला मोठे कारखाने आहेत, ओएमआरवर आणि तरमणीच्या टायडेल पार्कमध्ये आयटी आहे. पण या मोठ्यांना सुटे भाग, साचे, पॅकिंग, वाहतूक आणि हिशेब पुरवणारे शेकडो लहान कारखाने आणि कचेऱ्या गिंडी, अंबत्तूर आणि तिरुमुडिवाक्कम भागात आहेत. गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ सालची, अंबत्तूरची १९६४ सालची. इथे बऱ्याच ठिकाणी एचआर नावाचा विभागच नसतो. माणूस घ्यायचा की नाही हे मालक ठरवतो आणि तो वयापेक्षा काम पाहतो.

समजा तुम्ही मोठ्या कारखान्यात क्वालिटीला होता. ज्या पुरवठादारांचा माल तुम्ही वर्षानुवर्षं तपासला आणि कितीदा तरी परत पाठवला, तो का परत गेला हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. त्याच पुरवठादाराला आता नव्या गिऱ्हाइकाचं ऑडिट पास करायचं आहे, आयएटीएफ १६९४९ चे कागद उभे करायचे आहेत, रिजेक्शन खाली आणायचं आहे. त्याच्यासाठी तुमची पन्नाशी ही अडचण नाही. तीच गोष्ट मेंटेनन्सवाल्याची, खरेदी विभागातल्या माणसाची, एक्स्पोर्टचे कागद करणाऱ्याची आणि बँकेतून बाहेर पडलेल्या कर्ज अधिकाऱ्याची. बंदरांमुळे इथे मालवाहतुकीची आणि कस्टम्सच्या कागदांची कामं आहेत, मोठ्या रुग्णालयांमुळे बिलिंग, भांडार आणि प्रशासनाची.

आयटीतल्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे मधल्या फळीतला ‘माणसं सांभाळणारा’ मॅनेजर आधी कापला जातो. तुम्ही तसे असाल तर स्वतःला एका विषयाचा जाणकार म्हणून मांडा. बँकिंगचं जुनं कोअर सॉफ्टवेअर, विम्याचे दावे, एसएपीचं एखादं मॉड्यूल, डेटा सुरक्षेचं ऑडिट अशा विषयांत जुना माणूस लागतो. परदेशी कंपन्यांनी चेन्नईत उघडलेल्या केंद्रांत तुमचे जुने सहकारी असतील. तिथे बाहेरून अर्ज टाकण्यापेक्षा आतल्या माणसाच्या शिफारशीवरून जा.

मद्रासच्या मराठी माणसाला ही वाट जुनी आहे. कुंभकोणमचे टी. माधवराव १८७२ मध्ये त्रावणकोरच्या दिवाणगिरीवरून उतरले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. पुढच्याच वर्षी तुकोजीराव होळकरांनी त्यांना मागून घेतलं आणि १८७५ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले. संस्थानाचा विस्कटलेला कारभार आणि खजिना सावरणं हे त्यांचं काम पाहिलेल्यांनी त्यांना बोलावलं. आपल्यापैकी कोणी दिवाण नाही, पण आपलं काम पाहिलेली पाच-पन्नास माणसं प्रत्येकाकडे असतात.

म्हणून पहिलं काम यादीचं. जुने साहेब, हाताखालची माणसं, पुरवठादार, ग्राहक, ऑडिटर, प्रतिस्पर्धी कंपनीतले ओळखीचे अशी पन्नास नावं लिहा. नातेवाईक त्यात सगळ्यात शेवटी. प्रत्येकाला सरसकट पाठवलेला संदेश नको, फोन करा. ‘कुठे नोकरी असेल तर सांगा’ असं म्हटलं की समोरचा ‘नक्की’ म्हणतो आणि विसरतो. त्याऐवजी नेमकं विचारा : ‘तुमच्या ओळखीत कोणाच्या कारखान्यात डाय मेंटेनन्सची अडचण आहे का? दहा मिनिटं त्यांच्याशी बोलायचं आहे.’ असं विचारलं की बहुतेकांना एखादं नाव आठवतं.

सरकारी सोयीही वापरा, पण त्यांच्यावर विसंबू नका. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल २०१५ पासून आहे, तमिळनाडू सरकारचं खासगी नोकऱ्यांचं वेगळं पोर्टल आहे आणि साठीपुढच्यांसाठी १ ऑक्टोबर २०२१ ला ‘सेक्रेड’ हे पोर्टल सुरू झालं. नोंदणी फुकट आहे. एका दिवसात ती उरका आणि पुन्हा फोनकडे वळा.

रेझ्युमे : दोन पानं पुरेत

पंचवीस वर्षांचा इतिहास सहा पानांत लिहिला की वाचणाऱ्याला फक्त वय दिसतं. शेवटची दहा-बारा वर्षं सविस्तर, त्याआधीची चार ओळींत. जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती लिहायची गरज नाही. पण वय लपवण्यासाठी खोटं काही लिहू नका. आधार आणि यूएएनमध्ये सगळं दिसतंच आणि ऑफर मिळाल्यावर उघड झालेलं खोटं महागात पडतं.

जबाबदाऱ्यांची यादी काढून टाका आणि काय घडवलं ते लिहा. ‘प्रेस शॉपची संपूर्ण जबाबदारी’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘दोनशे टनी प्रेसवर डाय बदलायला दीड तास लागायचा, तो पस्तीस मिनिटांवर आणला’ या ओळीवरून मालक फोन करतो. अर्थात आकडे तुमचे आणि खरे हवेत. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात.

मधली रिकामी वर्षं असतील तर एका ओळीत सांगून मोकळे व्हा : आईचं आजारपण, कंपनी बंद, स्वतःचा व्यवसाय. कारण दिलं की प्रश्न तिथेच संपतो. लिंक्डइनवरचा फोटो अलीकडचा ठेवा, ईमेलचा पत्ता साधा ठेवा. आणि गेल्या वर्षभरात शिकलेली एक तरी गोष्ट रेझ्युमेत दिसू द्या. नवं शिकणार नाही ही शंका तिथेच मिटते. प्लास्टिक आणि साच्यांच्या क्षेत्रातल्यांसाठी गिंडीतल्या सिपेटमध्ये छोटे अभ्यासक्रम असतात. हिशेबवाल्यांनी जीएसटीचे बदल आणि एक्सेलमधलं पुढचं काम शिकावं.

मुलाखतीत

समोर तुमच्या मुलाच्या वयाचा माणूस असू शकतो. त्याला ‘अहो’च म्हणा आणि ‘आमच्या वेळी’ हे शब्द बाहेर ठेवून आत जा. तो विचारेल, ‘तुमचा मॅनेजर तीस वर्षांचा असेल, चालेल?’ नुसतं ‘चालेल’ पुरत नाही. वयाने लहान माणसाच्या हाताखाली किंवा त्याच्याकडून शिकून केलेलं एखादं काम सांगा. ‘इतका अनुभव असून ही नोकरी का हवी?’ हा प्रश्न खरं तर ‘किती दिवस टिकाल?’ असा असतो. मुलांची शिक्षणं संपली आहेत, घर चेन्नईतच आहे, बदली नको आहे, निदान पाच वर्षं काम करायचं आहे, असं सरळ सांगा. टिकून राहणारा माणूस लहान कारखान्यांना हवाच असतो.

पगाराचं आधी ठरवून जा. जुना सीटीसी, घराला लागणारी रक्कम आणि बाजारातला भाव हे तीन आकडे वेगळे असतात. जुन्या सीटीसीवर अडून बसू नका आणि घाईने निम्म्यावरही उतरू नका. जुळत नसेल तर दुसरा पर्याय पुढे ठेवा : आठवड्यातले तीन दिवस, किंवा सहा महिन्यांचं ठरावीक काम, आणि ते जमलं की पुढचं बोलू. कन्सल्टंट म्हणून घेतलं तर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळत नाही, टीडीएस कापला जातो आणि वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. म्हणून कन्सल्टंटचा दर पगारापेक्षा चांगला चढा हवा.

भाषेबद्दल एक गोष्ट. ओएमआरवर इंग्रजीवर भागतं. अंबत्तूरच्या शॉप फ्लोअरवर, गोदामात, रुग्णालयाच्या काउंटरवर तमिळ लागतं. तंजावरी घरांना हा प्रश्न नाही. पण बदलीवर आलेले कित्येक जण वीस वर्षं राहूनही भाजी-रिक्षापुरतं तमिळ बोलतात. आता हाती वेळ आहे, तर रोज एक तास द्या. मोडकंतोडकं का होईना, समोरच्याशी तमिळमध्ये बोलणाऱ्याला इथे माणसं सांभाळून घेतात. आणि आडी महिन्यात, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, एखाद्या मालकाने ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हटलं तर तो नकार समजू नका. अनेक जण त्या महिन्यात नवं काही सुरू करत नाहीत. आडी सरल्यावर आठवणीने फोन करा.

स्त्रियांसाठी, आणि स्वतःचं काही करणाऱ्यांसाठी

मुलं आणि सासू-सासरे यांच्यापायी नोकरी सोडलेल्या बाईला वय आणि खंड दोन्ही आडवे येतात. या बाबतीत चेन्नईने लवकर वाट काढली. सौंदर्या राजेश यांनी २००० साली इथे स्थापन केलेली अवतार ही संस्था नोकरीत परतणाऱ्या स्त्रियांसाठी काम करते. टाटा समूहाचाही २००८ पासून अशा स्त्रियांसाठी वेगळा कार्यक्रम आहे. मोठ्या कंपन्यांच्या ‘रिटर्नशिप’ जाहिराती वेगळ्या निघतात, त्यांवर लक्ष ठेवा. तिथे खंड ही पात्रतेची अटच असते.

स्वतःचं काही करायचं असेल तर वयाची अट आधी पाहा. पीएमईजीपी या केंद्राच्या योजनेत कमाल वयाची मर्यादा नाही. तमिळनाडूच्या कलैञर कैविनै तिट्टम या कारागिरांच्या योजनेत उलट किमान वय ३५ आहे आणि ३ लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. शिवणकाम, सोनारकाम, सुतारकाम घरात असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी.

फसवणारे

नोकरी गेलेला, हाती रक्कम आलेला, पन्नाशीतला माणूस हे भामट्यांचं आवडतं गिऱ्हाईक. नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचे पैसे मागणारी नोकरी ही नोकरी नव्हे. फक्त व्हॉट्सॲपवर झालेली मुलाखत आणि लगेच आलेलं ऑफर लेटर यांवर विश्वास ठेवू नका, कंपनीच्या मूळ नंबरवर फोन करून खात्री करा. आखातात जायचं असेल तर एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी यांहून जास्त शुल्क घेता येत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

तीन महिन्यांनी हिशेब

घरच्यांना पहिल्याच आठवड्यात सगळं खरं सांगा. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडण्याचं सोंग फार दिवस चालत नाही आणि त्यात शोधायची ताकद संपते. नोकरीचा शोध हीच काही महिने नोकरी समजा : सकाळी फोन, दुपारी एक भेट, संध्याकाळी शिकणं आणि वहीत नोंद.

तीन महिन्यांनी ती वही उघडा. फोन केले पण भेटीच झाल्या नाहीत, तर माणसांची यादी चुकली आहे, नवी पन्नास नावं काढा. भेटी झाल्या पण मुलाखत नाही, तर तुम्ही नेमकं काय करू शकता हे समोरच्याला कळलेलं नाही, रेझ्युमेच्या पहिल्या चार ओळी पुन्हा लिहा. मुलाखती झाल्या आणि ऑफर नाही, तर वर सांगितलेल्या चार शंकांपैकी एखादी अजून जिवंत आहे, एखाद्या जुन्या सहकाऱ्याला समोर बसवून उत्तरं म्हणून दाखवा. ऑफर आली पण पगारावर तुटली, तर आठवड्यातले तीन दिवस किंवा सहा महिन्यांचं काम यांपैकी एक पुढे ठेवून त्याच मालकाला पुन्हा फोन करा. एकदा नकार दिलेला मालक महिन्याभराने, ऑडिटची तारीख जवळ आली की, हो म्हणू शकतो.